खुळखुळा बाजूला, पळी हातात

पगाराचा दिवस असला की धाटावच्या कारखान्यांतली पाळी सुटल्यावर रोह्याच्या बाजारपेठेत गर्दी होते. कोणी तेल घेतो, कोणी मच्छी घेतो, आणि ज्याच्या घरी सात-आठ महिन्यांचे बाळ आहे तो खेळण्यांच्या दुकानापुढे दोन मिनिटे थांबतोच. दिवे लागणारे विमान, किल्लीची मोटार, गाणे म्हणणारा टेलिफोन. खिशाचा अंदाज घेत तो त्यातले एक उचलतो आणि घरी येऊन मोठ्या हौसेने बाळापुढे मांडतो. बाळ एकदा विमानाकडे बघते, एकदा बापाकडे बघते आणि विमान ज्या खोक्यातून आले तो खोकाच पुढे ओढते! पाच मिनिटांनी विमान खाटेखाली गेलेले असते आणि बाळ रांगत रांगत स्वयंपाकघरात टोपाच्या झाकणापाशी पोहोचलेले असते.

पेणलाही हेच चित्र. उन्हाळ्यात ज्या घरातून पोह्याचे पापड लाटायचे काम चालते तिथे बाळापुढे प्लास्टिकची बाहुली टाकून पाहा. बाहुली पडून राहते आणि बाळाचा हात जातो तो रेघा पाडलेल्या लाटण्याकडे. गणपतीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाईच्या कडेवरचे मूल शाडूच्या गोळ्यात बोट रुतवल्याशिवाय राहत नाही. आई म्हणते, "या पोराला वस्तूची किंमतच नाही." आजी म्हणते, "आमच्या वेळी कुठे होती खेळणी? मुले वाढली नाहीत काय?" आणि बाप बिचारा गप्प बसतो, कारण दोनशे रुपये त्याचे गेलेले असतात.

माताभगिनींनो, यात बाळाचे काही चुकत नाही आणि ते हट्टीही नाही. किंबहुना बाळ जे करते त्यात फार मोठे शहाणपण आहे. ते आपण समजून घेतले तर आपले चार पैसे वाचतील आणि बाळाचे शिकणेही नीट होईल. न समजता नुसते 'खेळू दे' म्हणून सोडून दिले तर मात्र जिवावर बेतू शकते. या दोन्ही गोष्टी येथे सांगायच्या आहेत.

बाळ वस्तू कशी पारखते? त्याला किंमत कळत नाही, दुकान कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की या वस्तूचे काय काय होते. स्टीलची साधी वाटी घ्या. हातात घेतली की ती आधी गार लागते, मग हळूहळू कोमट होते. तिच्यात तोंड दिसते, पण वाकडेतिकडे. फरशीवर आपटली तर एक आवाज, चटईवर आपटली तर दुसरा, चमच्याने वाजवली तर तिसरा. उपडी केली तर गप्प बसते, कडेवर उभी केली तर पळते. तिच्यात पाणी राहते, मुरमुरे राहतात. ती मोठ्या वाटीत जाते, पण मोठी वाटी तिच्यात जात नाही! केवढी विद्या आहे ही. आणि मोटारीचे काय होते? किल्ली दिली की ती पळते. बस्स. शिवाय किल्ली बाळाला देता येत नाही, ती बापालाच द्यावी लागते. म्हणजे खेळतो बाप आणि बघते बाळ.

प्लास्टिकच्या खेळण्यांचे आणखी एक असे, की रंग दहा असले तरी हाताला आणि जिभेला ती सारी एकसारखीच लागतात. विमानाची चव आणि हत्तीची चव एकच. पहिल्या वर्षात बाळ डोळ्यांइतकेच तोंडाने आणि हाताने जग तपासत असते. लाकडाची पळी, पितळेचा तांब्या, वेताची परडी, सुती फडके, करवंटी, प्रत्येकाचे वजन वेगळे, स्पर्श वेगळा, वास वेगळा. मग ते बिचारे विमानाला का चिकटून बसेल?

दुसरे कारण याहूनही महत्त्वाचे आहे. दिवसभर आईच्या हातात काय असते? पळी, परात, झाडू, बादली, किल्ल्यांचा जुडगा. विमान कधी आईच्या हातात असते काय? बाळ तुमच्या तोंडाकडे जितके बघते तितकेच तुमच्या हातांकडे बघते. ज्या वस्तूला घरातली मोठी माणसे पुन्हा पुन्हा हात लावतात, ती वस्तू कामाची, ती आपल्याला आली पाहिजे, असा त्याचा सरळ हिशेब असतो. खोटे वाटत असेल तर घरी करून पाहा. तेच टाकून दिलेले विमान तुम्ही स्वतः हातात घ्या, फडक्याने पुसा, उलटेसुलटे करून बघा, त्यात अगदी गढून जा आणि बाळाला देऊ नका. थोड्याच वेळात बाळ त्यासाठी हात पसरील.

हे सारे काही एका दिवसात येत नाही. जन्मल्यावर बाळाला जेमतेम वीतभर अंतरावरचे, म्हणजे दूध पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याइतके लांबचेच बरे दिसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हात वस्तूकडे जाऊ लागतो. सहाव्या-सातव्याला वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि लगेच तोंडात. आठव्या-नवव्या महिन्यात फडक्याखाली लपवलेली वाटी शोधून काढण्याची अक्कल येते. त्याआधी, दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असा त्याचा कारभार असतो. त्याच सुमारास अंगठा आणि बोट जुळवून जमिनीवरचा तांदळाचा दाणा उचलता येऊ लागतो. हा दिवस कौतुकाचा, पण आईने सावध होण्याचाही. वर्षाच्या आसपास डब्यात भरणे आणि डबा उलटा करणे हा उद्योग तासन्‌तास चालतो. दीड वर्षाचे मूल करवंटी कानाला लावून "हॅलो" म्हणते. तिथून पुढे एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी चालवून घेण्याची कल्पनाशक्ती सुरू होते. खऱ्यासारखा दिसणारा टेलिफोन विकत आणला तर ही मेहनत कारखानदाराने आधीच करून ठेवलेली असते.

बालमानसशास्त्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या स्वित्झर्लंडच्या झां पियाजे यांनी आपले सिद्धांत कोणत्या महागड्या यंत्रांवर मांडले? घड्याळाची साखळी, काड्यापेटी, उशी, चादर! आपल्या तीन मुलांना घरातल्या वस्तूंशी झटताना ते बघत आणि टिपून ठेवीत. त्यांची मुलगी ल्यूसिएन सोळा महिन्यांची असताना त्यांनी काड्यापेटीत घड्याळाची साखळी घालून पेटी थोडीशीच उघडी ठेवली. मुलीला साखळी हवी होती, पण बोट आत जाईना. ती थांबली, पेटीच्या फटीकडे बघत राहिली आणि स्वतःचे तोंड थोडे उघडले, मग अधिक, मग अधिकच. त्यानंतर तिने फटीत बोट घालून पेटी सरकवली आणि साखळी काढली. फट मोठी करायची हा विचार तिला शब्दांत मांडता येत नव्हता, तो तिने तोंडाने केला. पियाजेंच्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातला हा प्रसंग आहे. तुमच्या घरातही असा प्रसंग घडत असेल. त्या वेळी तुमचे लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असते, इतकेच.

अलीकडे, २०२२ साली, न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी वर्ष ते दोन वर्षे वयाच्या मुलांचे त्यांच्या घरीच दोन-दोन तास चित्रण करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुले एका वस्तूवर फार वेळ टिकत नाहीत. थोडा वेळ ही, थोडा वेळ ती, असे करत दिवसभरात कितीतरी वस्तू हाताळतात आणि त्यात खेळणी आणि घरातल्या वस्तू असा भेद ती करीत नाहीत, असे त्यांना दिसले. म्हणजे 'पोर एका जागी खेळत नाही' ही आपली तक्रारही निकालात निघाली. या वयाला तसेच खेळायचे असते. आणि गंमत बघा, त्याच अमेरिकेत रॉचेस्टर शहरी नामांकित खेळण्यांचे एक संग्रहालय आहे. तिथे २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ साली साध्या काठीला मानाच्या खेळण्यांत जागा देण्यात आली. आपल्या वाडीतल्या पोरांनी हा निकाल केव्हाच लावलेला होता.

कोणी म्हणेल, ही गोऱ्या लोकांची भरल्या पोटाची संशोधने आहेत. तर मग कामगार वस्तीचेच उदाहरण घेऊ. इटलीतील डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर चाळीत मोकाट फिरणारी पन्नासएक मुले तिथे जमली. त्यांच्यासाठी सुंदर खेळणीही आणून ठेवली होती. मुलांनी त्यांच्याकडे फारसे बघितले नाही. त्यांना हवे होते ते खरेखुरे काम. हात धुणे, टेबल पुसणे, ताटे मांडणे, वस्तू जागच्या जागी लावणे. मॉन्टेसरीबाईंनी मुलांना दोष दिला नाही, खेळणी बाजूला केली. याच बाई पुढे १९३९ साली भारतात आल्या आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत येथेच राहिल्या.

परंतु मॉन्टेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग. ती शहरातल्या पांढरपेशा वर्गाच्याच बालमंदिरात दिसू लागली. गरिबाच्या मुलाने काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच कोकणात मिळाले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला होता. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारल्यांच्या मुलांसाठी परदेशी साधने कुठून आणणार? त्यांनी शंखशिंपले घेतले, बिया घेतल्या, खडे, पाने, फुले, काड्या घेतल्या. मोजायचे ते याच्यावर, रंग ओळखायचे ते याच्यावर, लहान-मोठे लावायचे ते याच्यावर. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची. तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. आज गावोगावच्या अंगणवाडीची पाटी आपण रोज वाचतो, तो शब्द तिथला आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला.

मला यात विशेष वाटते ते असे. ताराबाई आणि अनुताई यांनी गरिबाच्या घरातल्या आणि रानातल्या वस्तूंना 'नाइलाजाची खेळणी' मानले नाही. त्यांनी त्याच साधनांवर शास्त्र उभे केले. आपण मात्र आपल्याच घरातल्या डब्याकडे कमीपणाने बघतो. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाळाकडे बॅटरीची गाडी आहे, आपल्याकडे नाही, याची बोच लागते ती आईला, बाळाला नाही. पहिल्या वाढदिवसाला भिशीतले पैसे उचलून किंवा बचत गटाचे कर्ज काढून मोठ्या गाड्या आणणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. हौस असू नये असे कोण म्हणेल? पण ते बाळाच्या वाढीसाठी आवश्यक आहे असे समजून कोणी कर्ज काढत असेल तर थांबावे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचे नावच मुळी मातीच्या गाडीवरून पडले आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला, ती त्याने परत नेली आणि दासीने करून दिलेली मातीची गाडी रोहसेनला नकोशी झाली. तो रडतो. त्याचे रडे वसंतसेनेला पाहवत नाही आणि ती आपले दागिने त्या गाडीत भरते. त्याच नाटकात पुढे बौद्ध भिक्खू झालेला संवाहक वसंतसेनेचा जीव वाचवतो, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असेल. रोहसेन बोलता-चालता मुलगा आहे, त्याला 'त्याचे' आणि 'माझे' कळते. तो वर्षाचा असता तर दोन्ही गाड्या बाजूला सारून दासीच्या हातातला मातीचा गोळाच मागता. तुलना करण्याचे दुःख मुलाला तीन-चार वर्षांनंतर लागते. त्याआधी ते आपण लावू नये.

बाळाच्या हातात काय गेले यावरून आपल्याकडे नको त्या समजुतीही फार. मुलाने झाडू फिरवला की "आज पाहुणे येणार." रिकामा पाळणा हलवला की "अशुभ." कात्री वाजवली की "घरात भांडण." काही घरांतून तर उष्टावणाच्या दिवशी बाळापुढे वही, लेखणी, दागिना, हत्यार मांडतात आणि ज्याला हात लागेल त्यावरून त्याचे भविष्य सांगतात. बाळाचा हात जातो तो जवळच्या किंवा चकाकणाऱ्या वस्तूकडे. लेखणी धरली म्हणून मूल शिकत नसते, शाळेत घातल्याने शिकते. कात्री मात्र काढून घ्यावी. भांडण होते म्हणून नव्हे, बोट कापते म्हणून.

आता जी गोष्ट सर्वांत काळजीने वाचायची ती. घरातली वस्तू बाळासाठी बनवलेली नसते. निदान खेळण्यांसाठी आता कायदा आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात आयएसआय चिन्ह असल्याशिवाय खेळणी विकता येत नाहीत. जत्रेत किंवा जयंतीच्या मिरवणुकीच्या कडेला घेताना ते चिन्ह बघायची सवय करा. घरातल्या वस्तूवर तसे चिन्ह नसते. तिथे तपासनीस म्हणजे आईच.

पहिला नियम आकाराचा. सव्वा इंचापेक्षा, म्हणजे साधारण ३२ मिलिमीटरपेक्षा, लहान अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती लागू नये. चिंचोके, शेंगदाणे, फुटाणे, मणी, बटणे, नाणी, बाटलीची बुचे. श्वासनलिकेत अडकायला एक शेंगदाणा पुरतो. वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास अडकला आणि त्याला रडताही येईना, तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्या, डोके छातीपेक्षा खाली ठेवा आणि तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच थापा मारा. वस्तू निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबा. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच दाब. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत जाते. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा.

दुसरी वस्तू म्हणजे बटणासारखा चपटा सेल. लुकलुकणाऱ्या खेळण्यात, छोट्या रिमोटमध्ये, दिवे लागणाऱ्या बुटात तो असतो. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतले मांस जाळू लागतो. संशय आला तरी सकाळची वाट बघू नका. पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, थेट तिथे जा आणि 'सेल गिळला असेल' असे स्पष्ट सांगून एक्स-रे काढायला लावा.

तिसरी वस्तू कोणाच्या डोक्यातही येत नाही. बाळंतीण बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. त्या घेतल्याच पाहिजेत. पण त्या दिसतात अगदी लाल गोळ्या-चॉकलेटसारख्या, आणि त्यांचे पाकीट बाळाला मोठे आवडते, कारण ते चुरचुर वाजते. आईच्या अंगात रक्त वाढवणाऱ्या याच गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर त्याचा जीव जाऊ शकतो. पाकीट उशाखाली, खिडकीत, देव्हाऱ्याच्या किंवा तसबिरीच्या फळीवर ठेवू नका. वरच्या कपाटात, कडी लावून.

बाटल्यांचे तर विचारूच नका. रॉकेल आता पूर्वीइतके घरात राहिले नाही, पण रंगकामाचा थिनर, फिनेल, संडास धुण्याचे ॲसिड ही सारी पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मोरीत ठेवलेली असतात. बाळाला ती बाटली ओळखीची वाटते, कारण तशाच बाटलीने आपण त्याच्यासमोर पाणी पितो. असे काही प्याले तर उलटी काढू नका, मिठाचे पाणी पाजू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते किंवा घसा दुसऱ्यांदा जाळते. बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. कारखान्यातले रसायनाचे रिकामे कॅन पाणी भरायला वापरण्याची रीत औद्योगिक वसाहतींच्या आसपास सर्वत्र आहे. कितीही धुतला तरी तो कॅन बाळाच्या खेळातही नको आणि पिण्याच्या पाण्यालाही नको.

पाण्यावरून आठवले. पेणच्या खारेपाटात पिण्याच्या पाण्याची ओढ असते, म्हणून पिंप, टोप, बादल्या भरून ठेवाव्याच लागतात. बाळाला पाण्यात हात घालायला फार आवडते. बादलीत वाकून ते डोक्याकडून आत गेले तर त्याला वर येता येत नाही, आणि बुडायला चार बोटे पाणी पुरते. आवाजही होत नाही. पिंपाला झाकण आणि झाकणावर वजन. कपडे धुऊन झाल्यावर बादली उपडी. एवढे पाळाच.

जुन्या रंगवलेल्या वस्तूंचाही विचार व्हावा. घरगुती रंगातल्या शिशाचे प्रमाण कमी करणारा कडक नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली ट्रंक, पाळणा, खिडकीचे गज यांचे पोपडे निघत असतील तर बाळाने ते चाटू नयेत. शिसे हळूहळू बुद्धीवर परिणाम करते. गणपतीच्या कारखान्यात जाणाऱ्या भगिनींनीही शाडूचा गोळा द्यायला हरकत नाही, पण रंगाचे डबे, ब्रश धुतलेले पाणी आणि प्लास्टरची भुकटी बाळापासून दूर ठेवावी. पावडरच्या डब्याचे झाकण घट्ट आहे ना तेही बघावे. ती श्वासातून आत जाते.

राहिला मोबाईल. हल्ली बाळाला घरातली सर्वांत प्रिय वस्तू तीच, आणि कारणही तेच. आईबापांच्या हातात दिवसभर तीच असते. बाळ तुमची नक्कल करते, त्याला रागावून काय उपयोग? पण वाटी आणि मोबाईल यांत फरक आहे. वाटी बाळाने हलवल्याशिवाय हलत नाही. मोबाईलमध्ये सारे आपोआप हलते आणि बाळ नुसते बघत बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये, आणि दोन वर्षांचे होईपर्यंतही दाखवू नये हेच बरे. जेवताना मोबाईल लावून देण्याऐवजी त्याच्या हातात दुसरा चमचा द्या. सांडेल. सांडू द्या.

मग बाळाला द्यायचे काय? इंग्लंडमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या बाईंनी बसू लागलेल्या पण अजून रांगत नसलेल्या बाळांसाठी एक साधी युक्ती काढली. बुटकी, न कलंडणारी टोपली घ्यायची आणि तिच्यात घरातल्या आणि निसर्गातल्या वस्तू भरायच्या. प्लास्टिक एकही नाही. आपल्याकडे रोवळी किंवा पसरट परडी यासाठी उत्तम, फक्त बांबूची कुसळे वर आलेली नसावीत. आत ठेवायला लाकडी पळी, लहान लाटणे, स्टीलची वाटी, पितळेचे फुलपात्र, काथ्या घासून गुळगुळीत केलेली करवंटी, चहाचे गाळणे (तार निघालेली नको), नवा दाढीचा ब्रश, सुती फडक्याची गाठ, मोठे लिंबू, घट्ट झाकणाच्या डबीत थोडे तांदूळ. काच नको, चिनीमाती नको, टोकदार नको, दोरी वीतभरापेक्षा लांब नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच नको. सारे गरम पाण्याने धुऊन घ्यावे, ब्रश आणि फडकेही. करवंटीला चीर गेली की फेकावी, लिंबू दोन दिवसांनी बदलावे.

टोपली बाळापुढे ठेवून आपण जवळ बसावे, भाजी निवडत बसले तरी चालेल, पण नजर ठेवावी. 'हे घे, ते घे' करू नये. काय उचलायचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे. खेळ संपल्यावर आवरताना मात्र बोलावे. ही पळी, ही वाटी, वाटीत पळी. शब्द असेच बसतात. वर्षानंतर डबे, झाकणे, मोठ्या बांगड्या आणि एक रिकामा खोका एवढ्यावर त्याचा संसार चालतो. दीड वर्षापासून त्याला खेळापेक्षा तुमच्या कामात हात घालायचा असतो. हॅरिएट राइनगोल्ड या अमेरिकन संशोधिकेने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणी न सांगता दीड ते अडीच वर्षांची मुले झाडायला, आवरायला, घड्या घालायला मोठ्यांना मदत करताना दिसली. मुलगेही आणि मुलीही. तेव्हा मुलगा लाटणे मागतो म्हणून "बायकांची कामे" असे हसून त्याच्या हातात मोटार कोंबू नका. कणकेचा एक गोळा त्यालाही द्या.

टोपली रोज पुढे टाकून ठेवू नये, दिवसातून एकदा, पोट भरलेले आणि झोप झालेली असताना काढावी. आठ दिवसांनी त्यातल्या दोन-तीन वस्तू काढून दुसऱ्या घालाव्यात. काढलेल्या वस्तू परत स्वयंपाकात वापराव्यात. पंधरा दिवसांनी तीच पळी पुन्हा टोपलीत आली की बाळ ती नवी असल्यासारखी उलटीसुलटी करून बघते.